‘सहायक’ नट आणि ‘अकाली’ मृत्यू : दोन शब्द अडलेत

प्रश्न :
लेअर्ड क्रेगर या हॉलिवूडच्या नटावर टिपण लिहायला घेतलं आहे. दोन ठिकाणी अडले. त्याला ‘सहायक अभिनेता’ म्हणू, ‘दुय्यम’ म्हणू की ‘चरित्र अभिनेता’? शिवाय ‘सहायक’ की ‘सहाय्यक’? दुसरं म्हणजे, तो ३१ व्या वर्षी गेला. ‘अकाली निधन’ हे शब्द वापरून वापरून इतके गुळगुळीत झालेत की लिहावेसेच वाटत नाहीत.

उत्तर :
‘सहायक’ बरोबर. मदत या अर्थी नाम हवं असेल तर ‘साहाय्य’. ‘सहाय्यक’ सर्रास छापून येतं, पण ती या दोहोंची सरमिसळ आहे. ‘चरित्र अभिनेता’ हिंदीकडून आला. मराठीत चरित्र म्हणजे कुणाच्या आयुष्याची हकीकत, त्यामुळे वाचकाला आधी चरित्रपट आठवेल. ‘दुय्यम’ निबंधकाला चालतो, नटाला लावला की कमीपणा येतो. पुरस्कारांमुळे ‘सहायक अभिनेता’ रुळला आहे, तोच ठेवा.

त्यावर :
दादा, शुद्धलेखनाचं पटलं. पण ‘सहायक’ला माझी हरकत आहे. सहायक अभियंता, सहायक आयुक्त, सहायक दिग्दर्शक : या प्रत्येकाच्या वर कुणीतरी आहे आणि हा त्याच्या हाताखाली आहे. क्रेगर कुणाच्या हाताखाली होता?

‘धिस गन फॉर हायर’ (१९४२) बघा. तो विलर्ड गेट्स नावाचा माणूस करतो. भाडोत्री मारेकऱ्याला पैसे मोजून देणारा, पण रक्तपाताचं नुसतं वर्णन ऐकलं तरी कसानुसा होणारा. सहा फुटांहून उंच, अगडबंब देह, आणि सतत तोंडात पेपरमिंटची गोळी. एवढ्या मोठ्या हाताच्या चिमटीत ती एवढीशी गोळी! भित्रेपणा आणि चैन दोन्ही त्या चिमटीत दिसतात. त्या प्रसंगात नायकाला मदत करणं हे त्याचं कामच नाही. प्रसंग त्याचा आहे.

हॉलिवूडनेही ही उतरंड धातूत ओतून ठेवली होती. सहायक भूमिकांसाठी ऑस्कर सुरू झाला तो १९३६ च्या चित्रपटांपासून, पण पहिली काही वर्षं या नटांना पुतळा मिळत नसे, नुसती पाटी मिळे. पूर्ण आकाराचा पुतळा १९४४ च्या समारंभापासून. क्रेगरला तर साधं नामांकनही मिळालं नाही.

आपल्या जुन्या नाटक मंडळ्यांत राजापार्टी, स्त्रीपार्टी, राक्षसपार्टी असे शब्द होते. नट काय करतो त्यावरून त्याचं नाव पडे, त्याचा नंबर कितवा यावरून नाही. निळू फुल्यांना आपण बोलताना कधी ‘सहायक अभिनेता’ म्हणतो का? क्रेगरही राक्षसपार्टीच. ‘हेवन कॅन वेट’मध्ये (१९४३) तो चक्क सैतान झाला आहे, तोही कमालीचा सभ्य, अदबशीर सैतान.

मूळ प्रश्नकर्ती :
हे आवडलं. पण राक्षसपार्टी आजच्या वाचकाला कळणार नाही. आणि माझी खरी अडचण अशी की तो स्वतः त्या राक्षसपणातून सुटायला धडपडत होता. ‘चार्लीज आंट’मध्ये (१९४१) तो ऑक्सफर्डमध्ये शिकणाऱ्या मुलाचा बाप झाला होता, तेव्हा त्याचं स्वतःचं वय तिशीच्या आतलं. ‘द लॉजर’मध्ये (१९४४) जॅक द रिपर, म्हणजे लंडनमध्ये बायकांचे खून करणारा खुनी, तो हाच असावा असा संशय असलेला भाडेकरू. भाड्याच्या खोलीत आल्या आल्या तो भिंतीवरच्या नट्यांच्या तसबिरी उलट्या करून ठेवतो. समोर होती मर्ल ओबेरॉन, आपल्या मुंबईत जन्मलेली. श्रेयनामावलीत त्याचं नाव तिसरं. लोकांच्या लक्षात मात्र तोच राहिला. पण तो काय म्हणून लक्षात राहिला, तर अवाढव्य विकृत माणूस म्हणून. त्याला नायक व्हायचं होतं. सुमारे १३६ किलो वजन होतं, त्यातलं ४५ किलोच्या आसपास त्याने थोड्या महिन्यांत उतरवलं. पोटाची शस्त्रक्रिया करावी लागली, आणि त्यानंतर हृदयविकाराचा झटका येऊन ९ डिसेंबर १९४४ ला तो गेला. मी लिहिलंय, ‘वजन कमी करण्याच्या नादात जीव गमावला’. ठीक वाटतं का?

त्यावर :
ताई, ‘नादात’ काढा. नाद म्हटलं की दोष त्याच्याच माथी बसतो. पत्त्यांचा नाद, दारूचा नाद. ‘हव्यास’ही तसाच. त्याच्या शरीरावरून स्टुडिओ त्याला कामं देत होता, तेव्हा शरीर बदलल्याशिवाय काम बदलणार नाही असं त्याला वाटलं. याला ‘ध्यास’ म्हणा. माझा एक मामा असाच उपाशी राहून वजन उतरवायच्या मागे लागला होता. घरात सगळे ‘नाद’च म्हणायचे. तो शब्द त्याला किती लागायचा ते मी पाहिलंय.

‘लंघन’, ‘पथ्य’, ‘उपासमार’ हेही नकोत. लंघन प्रकृतीसाठी करतात, पथ्य वैद्य सांगतो, उपासमार परिस्थिती लादते. ‘पोट मारून वजन उतरवलं’ असं सरळ लिहा.

‘अकाली’ मात्र टाकू नका. ‘अल्पायुषी’त आयुष्य मुळातच थोडं लिहिलेलं होतं असा सूर येतो, आणि ‘अपमृत्यू’ने अपघात किंवा घातपात डोळ्यांपुढे येतो. अवकाळी पाऊस म्हणतो तेव्हा आपण पावसाचं वय मोजत नाही. पीक उभं असताना आला, एवढंच म्हणतो. क्रेगरचंही पीक उभं होतं. ‘हँगओव्हर स्क्वेअर’च्या नामावलीत पहिलं नाव त्याचं आहे, आणि तो चित्रपट लागला फेब्रुवारी १९४५ मध्ये, तो गेल्यानंतर दोन महिन्यांनी. शेवटच्या प्रसंगात चहूकडून आग लागलेली असताना तो पियानो वाजवत राहतो. त्यात त्याचा उतरलेला चेहरा पाहिला की ‘अकाली’ हा शब्द मला तरी गुळगुळीत वाटत नाही.

मूळ प्रश्नकर्ती :
दोघांचे मनापासून आभार. सुरुवात आता अशी केली आहे : ‘लेअर्ड क्रेगर हा खलभूमिकांचा नट. जन्म १९१३, फिलाडेल्फिया. वडील त्या शहराच्या संघाकडून क्रिकेट खेळत. पोट मारून वजन उतरवलं आणि ज्या चित्रपटात त्याचं नाव पहिलं लागणार होतं तो पडद्यावर यायच्या आधी, ३१ व्या वर्षी, अकाली गेला.’ ‘सहायक’ कुठेच आला नाही, आणि अडलंही नाही.