अनुभव धागा: मत, शब्द आणि रविवारची ग्रामसभा

म्हापशेकर_मीना
ग्रामसभेची नोटीस लागलीय, विषयांत परत डोंगरकापणी, आणि एकदम शेजारच्या आंटीची आठवण आली. आम्ही गोव्यातल्या बार्देशातले. पंचायत निवडणुकीत पक्षाची निशाणी नसते ना, सगळं ओळखीवर आणि वस्तूंवर. तेव्हा एका पॅनलची पोरं घरोघर कुकर वाटत फिरत होती. आमच्याकडचा आईने ठेवून घेतला. आंटीने खोकं उघडलंसुद्धा नाही, पोराच्या स्कूटरवर परत ठेवलं आणि म्हणाली "पुता, हें व्हर, मत हांव म्हज्या मनान दितलें" (बाळा, हे घेऊन जा, मत मी माझ्या मनाने देईन). नंतर आईला सांगितलं, फादरनी शेर्मांवात (चर्चमधल्या प्रवचनात) सांगितलं म्हणून नव्हे गो, उद्या हा पंच झाला आणि माझ्या विहिरीला लागून कोणाला बोअर मारायला दिली तर मी कुठल्या तोंडाने विचारू? रविवारची मिस (चर्चमधली प्रार्थना) सुटली की चर्चचे कपडे तसेच, थेट ग्रामसभेला. मागच्या सभेची मिनिट्स (इतिवृत्त) वाचून दाखवेपर्यंत पुढचा विषय घेऊ द्यायची नाही. श्रद्धा माणसाला पंचायतीत असं उभं करते हे मी तिच्याकडे बघून शिकले. तुमचे अनुभव लिहा ना.

डिचोलीचा_दादा
आमच्याकडे नारळावर हात ठेवायला लावतात आणि पाकीट देतात. आजी म्हणायची देव मध्ये घातलाय, आता त्यालाच मत. म्हातारीच्या भक्तीचा असा सौदा, अजून संताप येतो. देवळात हे कोणीतरी ठणकावून सांगायला हवं.

सासष्टी७
शपथेवरून आठवलं, जानेवारी २०२२. काँग्रेसचे उमेदवार पणजीची महालक्ष्मी, बांबोळीचा खुरीस (क्रूस), बेतीचा दर्गा, तिन्हीकडे पक्ष सोडणार नाही म्हणून शपथ घेऊन आले. ११ निवडून आले आणि सप्टेंबरात त्यातले ८ भाजपमध्ये. माझ्या सासूबाई (किरिस्तांव, म्हणजे ख्रिश्चन) त्या दिवशी जेवल्या नाहीत. येशूने तर डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलंय शपथ वाहूच नका, तुमचं होय ते होय असू दे नि नाही ते नाही. साध्या शब्दाला किंमत असती तर खुरसापर्यंत जायची गरजच नव्हती.

पेडणेकर
२०१९ ला काँग्रेसचेच १० आमदार भाजपमध्ये गेले, ते विसरलात का

सासष्टी७
विसरणार कसे

कुडचडे_ज्योती
भाकरी तव्यावर आहे, पटकन लिहिते. नोव्हेंबर २०२० ला चांदरला रात्रभर रुळांपाशी लोक होते, रेल्वे दुपदरीकरण नको म्हणून, मीही गेले होते. मेणबत्त्या, गाणी, आणि माझ्या शेजारी एक आजी रोझरी हातात घेऊन बसलेली, तिच्या मांडीवर माझा लेक झोपला. पुढे मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने कॅसलरॉक ते कुळे पट्ट्याची वन्यजीव मंजुरी रद्द केली तेव्हा पहिली ती आजीच डोळ्यासमोर आली. नाव विचारायचं राहिलं.

फोंड्याची_वैशाली
किती छान ज्योती 🙏 लेक आता कितवीत?

कुडचडे_ज्योती
चौथीत गो 😊

वास्को_अनिल
पण फादरनी सांगावं आणि लोकांनी मत द्यावं हे मला पटत नाही. आमच्या मठात कोणी असं केलं तर मी उठून जाईन.

म्हापशेकर_मीना
अनिलबाब, बरोबर आहे. पण चर्चच्या सोशल जस्टिस अँड पीस कौन्सिलची निवडणुकीआधीची जी पत्रकं मी वाचलीत त्यात उमेदवाराचं नाव नव्हतं, सदसद्विवेक वापरा एवढंच. नाव घेतलं असतं तर आंटीच पहिली उठली असती.

वास्को_अनिल
मग ठीक.

डिचोलीचा_दादा
त्या मिनिट्सचं सांगा. आमच्याकडे ठराव एक होतो आणि वहीत दुसराच, कॉपी मागितली की पुढच्या आठवड्यात या.

सासष्टी७
आरटीआय (माहिती अधिकाराचा अर्ज) टाका. फी १० रुपये, ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं.

डिचोलीचा_दादा
फॉर्म पंचायतीतच मिळतो?

सासष्टी७
साध्या कागदावर चालतो. ठरावाची तारीख तेवढी नीट घाला आणि पोच घेतल्याशिवाय निघू नका.