मदत हवी आहे : बेस गिटारला फ्लॅटवाउंड तारा कोणत्या घ्याव्यात?

नमस्कार मंडळी, मी मालवणचा. ऑर्केस्ट्रात चार तारांचा, ३४ इंच स्केलचा (तारेची वाजणारी लांबी) बेस वाजवतो, बहुतेक जुनी मराठी-हिंदी गाणी. राउंडवाउंड (गोल तार गुंडाळलेल्या) तारांवर बोटं सरकताना होणारी खरखर भावगीताच्या शांत कडव्यात मला सहन होत नाही. त्यात इथली खारी हवा, पावसाळ्यात तारांच्या वेढ्यांत गंज धरतो. फ्लॅटवाउंडवर चपटी पट्टी गुंडाळलेली असल्याने घाम-मळ साचायला फटी कमी, हे पटतं. पण गंजाचं काय? किनाऱ्यावर वाजवणाऱ्यांनी अनुभव सांगा.

डोळ्यांसमोर तीन संच आहेत. डॅडारिओ क्रोम्स (४५-१००, म्हणजे तारांची जाडी इंचाच्या हजारांशांत) त्यातल्या त्यात चमकदार. ला बेला (४५-१०५) भरदार. मोटाउनचे बेसवादक जेम्स जेमर्सन ला बेलाच्याच फ्लॅटवाउंड तारा वाजवायचे, आणि तसाच गोल, ठसठशीत आवाज मला हवाय, म्हणून मन तिकडे ओढतंय. थोमास्टिक जॅझ फ्लॅट्स (४३-१००) बोटांना मऊ, ताण कमी, पण महाग.

ढोलकी आणि ऑक्टोपॅड जोरात असताना फ्लॅटवाउंडचा आवाज दबतो का? ताण बदलला की ट्रस रॉड (गिटारच्या मानेतली सळई) पुन्हा जुळवावा लागेल. रत्नागिरी ते सावंतवाडी पट्ट्यात बेसचं सेटअप नीट करणारं कुणी आहे का?