साचे प्लिमथला, मालक परगावचे: काळजी करावी की नाही?

धक्क्यावरून (धागाकर्ता)

ब्रिटनमधल्या मोटर क्रूझर (इंजिनावर चालणाऱ्या, आत राहण्याची सोय असलेल्या बोटी) बांधणाऱ्या जुन्या कंपन्यांचा विषय निघाला की एक उसासा हमखास ऐकू येतो. सगळं बाहेरच्यांनी विकत घेतलं, आता उरलंय काय! मला हा उसासा पटत नाही. मालक कोण हे सोडा, बोट कुठे बांधतात ते बघा.

प्लिमथची प्रिन्सेस यॉट्स घ्या. १९६५ साली डेव्हिड किंग आणि साथीदारांनी 'मरीन प्रोजेक्ट्स' नावाने भाड्याच्या शेडमध्ये काम सुरू केलं. पहिली बोट ३१ फुटी, नावही 'प्रोजेक्ट ३१'. १९७० मध्ये जॉन बेनेटने आरेखन केलेली 'प्रिन्सेस ३२' आली आणि कंपनीचं बस्तान बसलं. १९८० पासून हलचं, म्हणजे बोटीच्या मुख्य कवचाचं, आरेखन बर्नार्ड ओलेसिन्स्कीकडे गेलं. खवळलेल्या पाण्यात आपटत न जाता कापत जाणारा बुडाचा आकार ही त्याची ओळख.

आता मालकी बघा. १९८१ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा ग्रॅहम बेक. २००८ मध्ये फ्रान्सच्या बर्नार्ड आर्नोच्या गटातला एल कॅपिटल हा फंड. २०२३ मध्ये अमेरिकेचा केपीएस, हाही गुंतवणूक फंडच. म्हणजे साठ वर्षांत घरची मालकी जेमतेम सोळा वर्षं! बोटी मात्र आजही प्लिमथ आणि आसपासच्याच कारखान्यांत बनतात. मग नक्की गमावलं काय?

मिडलँड्सवासी

बोट कुठे बांधायची हे ठरवतो कोण? मालकच ना?

किडरमिन्स्टर माझ्या घरापासून फार लांब नाही. गालिच्यांचं गाव. तिथे टॉम मरंटने १९७२ मध्ये सीलाईन सुरू केली आणि समुद्र दिसतसुद्धा नाही अशा गावातून मोटर क्रूझर ट्रेलरवर चढून जाऊ लागल्या. २००१ मध्ये अमेरिकेच्या ब्रन्सविकने कंपनी घेतली, पुढे पुन्हा हात बदलले, २०१३ मध्ये दिवाळं. नाव जर्मनीच्या हान्झे या बोट कंपनीने घेतलं. आज सीलाईन मिळते, चांगली मिळते, पण ती ग्राइफ्सवाल्डला बनते. नाव जिवंत, गावाच्या हातातलं काम गेलं. प्लिमथचं तसं झालं नाही एवढ्यावरून होणारच नाही असं कसं म्हणता?

धक्क्यावरून

किडरमिन्स्टरला बोट बांधायचं तसं कारण काहीच नव्हतं. एका माणसाने तिथे सुरुवात केली, एवढंच. प्लिमथचं वेगळं आहे. शेजारी डेव्हनपोर्टची नौदलाची गोदी. तिचाच साउथ यार्डचा भाग प्रिन्सेसने मोठ्या बोटींसाठी घेतला. ४० मीटरची बोट रस्त्याने नेता येत नाही साहेब, ती पाण्याकाठीच बांधावी लागते. जहाजाचं काम करणारी माणसं पिढ्यान् पिढ्या असलेलं गाव कुणी उचलून जर्मनीला नेऊ शकत नाही.

फायबरवाला_रत्नागिरी

धाग्याच्या शीर्षकात साचे आलेत (फायबरचा हल साच्यातच घडतो) म्हणून लिहितो. आमचं काम मासेमारीच्या फायबर बोटींचं, त्यामुळे यॉटच्या किमतीचं मला विचारू नका.

साचा महाग असतो हे खरं, पण तो एकदाच बनवायचा. खरी मेख पुढे आहे. आमच्याकडे अजून बहुतेक ठिकाणी काचेच्या धाग्यांची चटई अंथरायची, ब्रशने रेझिन (सुकल्यावर कडक होणारा चिकट द्रव) मारायचं, रोलर फिरवून हवा काढायची असं चालतं. प्रिन्सेससारखे कारखाने इन्फ्युजन करतात: कोरडं कापड साच्यात नीट बसवायचं, वरून प्लास्टिकची पिशवी लावून कडा सील करायच्या, पंपाने हवा ओढली की रेझिन आपोआप आत खेचलं जातं. वजन कमी, ताकद सगळीकडे सारखी, वासाचा त्रासही कमी. पण कुठे बारीक गळती राहिली तर कोरडा ठिपका राहतो आणि अख्खा हल धोक्यात. गळती कानाने शोधणारी माणसं असतात. अशी माणसं भरती करून तीन महिन्यांत तयार होत नाहीत.

आणि हल झाला म्हणजे बोट झाली असंही नाही. वायरिंग, पाण्याच्या लाइनी, टाक्या, इंजिनाचं अलाइनमेंट, सुतारकाम, पॉलिश. माणसाचे बहुतेक तास त्यात जातात. तेव्हा साचे कुठे यापेक्षा कारागीर कुठे, हे विचारा.

मिडलँड्सवासी

@फायबरवाला, प्रतिसाद आवडला. पण हेच कारागीर किडरमिन्स्टरलाही होते. त्यांना कुणी विचारलं नाही.

बिनपाण्याचा

गंमत वाटते. इंजिन स्वीडनच्या व्होल्वो पेंटाचं नाहीतर जर्मनीच्या 'मान' (MAN) कंपनीचं. डोलू नये म्हणून बसवतात तो गायरो बहुधा अमेरिकेचा. पैसा अमेरिकेचा. गिऱ्हाईक बहुतेक परदेशातलं. आणि तुम्ही प्लिमथच्या नावाने गळे काढताय.

शिवाय ही श्रीमंतांची खेळणी! ताशी शेकडो लिटर डिझेल पिणाऱ्या. बंद पडल्या तर कुणाचं अडणार आहे?

स्नेहल_डेव्हन

अडणार आहे ना. कंपनीत ३,००० च्या आसपास माणसं कामाला आहेत. प्लिमथमध्ये नौदलाची गोदी सोडली तर अशा आकड्याचं कारखानी काम फारसं नाही. गोदीतली कामं गेल्या काही दशकांत किती आक्रसली ते इथल्या कुठल्याही म्हाताऱ्या फिटरला विचारा. शाळा संपवून अप्रेंटिस म्हणून लागलेल्या पोराला बोट कुणा अब्जाधीशाची आहे याचं काय? त्याला सुतारकाम शिकायला मिळतं. गिऱ्हाईक श्रीमंत म्हणून कारागीर तुच्छ ठरवायचा, तर आपल्या पैठणीचं काय करणार?

बिनपाण्याचा

पैठणीला डिझेल लागत नाही.

धक्क्यावरून

:) हे बरोबर. पण इंजिन बाहेरचं असण्यात नवल काय? जगातल्या या आकाराच्या बहुतेक यॉट त्याच दोन-चार कंपन्यांची इंजिनं वापरतात, इटालियनसुद्धा.

आणि पैसा बाहेरचा आला की नवं काही होत नाही, असंही नाही. २०१८ ची प्रिन्सेसची आर३५ आठवा. कार्बनचा हल, शिडाच्या बोटींचा शर्यतपटू बेन एन्सलीच्या संघातून निघालेल्या बार टेक्नॉलॉजीजची संगणकावर चालणारी फॉइल (बोटीला उचलून धरणारे पाण्याखालचे पंख), इटलीच्या पिनिनफारिनाची रेखाटणी. ही बोट परक्या मालकीच्या काळातलीच.

टाटाप्रेमी_पुणेकर

२००८ साली, म्हणजे प्रिन्सेस फ्रेंचांकडे गेली त्याच वर्षी, टाटांनी फोर्डकडून जॅग्वार लँड रोव्हर घेतली. तेव्हा आपल्याकडे कौतुकाला उधाण आलं होतं. मालक आपला असला की तो उद्धारकर्ता आणि दुसऱ्याचा असला की लुटारू?

मिडलँड्सवासी

फरक आहे आणि मोठा आहे. टाटा गाड्या बनवतात. एकदा घेतलं की निभावायचं, ही त्यांची रीत. फंड विकण्यासाठीच विकत घेतो. त्याच्या पैशाला मुदत असते. गुंतवणूकदारांना ठरल्या वेळी पैसे परत द्यायचे असतात, म्हणून काही वर्षांत कंपनी कुणाला तरी विकावीच लागते. बोटीचं नवं मॉडेल आखण्यापासून साचे बनवून, पहिली बोट पाण्यात उतरवून पैसे सुटेपर्यंत वर्षं जातात. ही दोन घड्याळं जुळत नाहीत.

फेअरलाईन ही आणखी एक इंग्लिश बोट कंपनी बघा. औंडलला नेन नदीकाठी जॅक न्यूइंग्टनने १९६३ मध्ये सुरुवात केली, १९६७ मध्ये १९ फुटी पहिली बोट. मालकी कुटुंबाबाहेर गेल्यावर एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहिली आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रशासकांच्या ताब्यात. पुढच्याच महिन्यात दोघा रशियन गुंतवणूकदारांनी घेतली. तेही टिकले नाहीत, मालक पुन्हा बदलले.

टाटाप्रेमी_पुणेकर

मग इंग्लंडच्याच पूल गावची यॉट कंपनी सनसीकर? चीनच्या दालियान वांडाने २०१३ मध्ये ३२ कोटी पौंडांना जवळपास ९२ टक्के हिस्सा घेतला. वांडा फंड नव्हता, पण मॉल आणि सिनेमागृहांचा व्यवहार करणारा. बोटींशी देणंघेणं शून्य. स्वतःच्या गळ्याशी कर्ज आलं तरी अकरा वर्षं धरून ठेवली आणि २०२४ मध्ये विकली. बोटी पूलमध्येच बनत राहिल्या. तुमचा नियम इथे बसत नाही.

सागवान

सनसीकर निघालीच आहे तर. २०२४ मध्येच म्यानमारचं सागवान नीट चौकशी न करता आणल्याबद्दल तिला ब्रिटिश कोर्टात दंड झाला. लाकूड कुठून आलं याचे कागद सांभाळणं ही कारखान्याची रोजची शिस्त. मालक घरचा की दारचा याने त्यात काही फरक पडत नाही, असं मला वाटतं.

अवांतर: इंग्लंडला सागवानाचा मोह जुनाच. हार्टलपूलला एचएमएस ट्रिंकोमाली उभी आहे, १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागात बांधलेली. पाण्यावर असलेली ब्रिटनची सर्वांत जुनी युद्धनौका. मालक इंग्रज, कारागीर मुंबईचे. कुणी यावर वेगळा धागा काढा.

स्नेहल_डेव्हन

मालकीपेक्षा मला गिऱ्हाइकाची चिंता जास्त वाटते. लंडन बोट शो १९५४ पासून भरायचा. जानेवारी २०१८ चा शेवटचा ठरला. मध्यमवर्गीय डॉक्टर-दुकानदार ३०-३२ फुटी क्रूझर घ्यायचे, तो वर्ग आता नव्या बोटीकडे फिरकत नाही. म्हणून सगळ्या कंपन्या मोठ्या आणि आणखी मोठ्या बोटींकडे सरकल्या. प्रिन्सेस ३२ ने बस्तान बसलेल्या कारखान्याला आज ३२ फुटी बोट परवडत नाही. मंदी आली की मोठ्या बोटीची एक ऑर्डर रद्द झाली तरी शेडमधले कितीतरी हात रिकामे. घरचा मालक असता तरी हे चुकलं नसतं.

फायबरवाला_रत्नागिरी

हे पटलं. छोटी बोट म्हणजे शिकाऊ पोरांची शाळा. ती बंद झाली की नवीन पोरगा थेट मोठ्या कामावर जातो आणि चुकला तर भारी पडतं.

मिडलँड्सवासी

स्नेहलताई, चिंता दोन्हींची करता येते. ऑर्डरी कमी झाल्यावर तोटा किती दिवस सोसायचा हे मालकाच्या धीरावर ठरतं. माझा मुद्दा तोच. केपीएस उद्या विकणार, हे आजच माहीत आहे. कुणाला, हे माहीत नाही.

धक्क्यावरून

इटलीची यॉट कंपनी फेर्रेटी २०१२ पासून चीनच्या वेईचाईकडे आहे. बोटी अजून इटलीतच बनतात.

मिडलँड्सवासी

वेईचाई इंजिनं बनवते. केपीएस काय बनवते?

धक्क्यावरून

केपीएस कारखानेच विकत घेते, मॉल नाही. वांडापेक्षा तेवढं तरी बरं. बाकी विक्री होईल तेव्हा हाच धागा वर काढू.