बाबांच्या बीपीवर चिनी काढा द्यावा का?

प्रश्न: आमचं गाव दारव्ह्याजवळ. बाबांचा बीपी १७०/१०० निघाला, पायावर सूज. भाच्यानं नागपूरहून चिनी जडीबुटीची पुडी आणली; म्हणते, बीपीची गोळी अम्लोडिपिन बंद करा. बाबांनी गोळ्यांचं पाकीट उतरंडीमागं लपवलं. काय करू?

उत्तर: गोळी बंद करू नका जी. तिच्यानंही पाय सुजतात. डॉक्टर बदलून देतील. पुडीत ज्येष्ठमध आहे का पाहा. चिनी काढ्यांत ते सर्रास असते. त्यानं पोटॅशियम उतरते, बीपी वाढते.

उत्तर: चीनमध्ये ‘तियानमा गोउतंग’ काढा बीपीसाठी देतात, पण नाडी-जीभ पाहून. माझ्या मायनं असाच कोणता तरी काढा घेतला, गोळी सोडली. तिसऱ्या आठवड्यात उजवा हात लुळा पडला. अजून भाकर थापता येत नाही तिले.

प्रश्नकर्ता: ज्येष्ठमध लिहिलं हाये. पाकीट सापडलं. सकाळीच पुडीसकट बाबांले दवाखान्यात नेतो.