मदत हवी आहे: अंतराळयानाचा सेट भीतीदायक वाटत नाही, शनिवारी सादरीकरण आहे

तिसरी_घंटा
नमस्कार. तातडीने मदत हवी आहे, मुक्काम सांगली. आमचं अंतराळयान उभं राहिलंय, पण त्यात भीतीच नाही. थर्माकोलचे पॅनल कापले, चंदेरी स्प्रे मारला, कडांना निळ्या एलईडी पट्ट्या लावल्या. काल रात्री सगळं मांडून लांबून बघितलं, तर नव्या दवाखान्याचा काउंटर वाटतोय. यानात चौघं आहेत आणि पाचवं काहीतरी आत शिरलंय. ते शेवटपर्यंत दिसत नाही. म्हणजे जी काही भीती वाटायची ती यानाकडूनच वाटायला हवी. लेखन माझं, नेपथ्यही माझ्याकडेच. रंग बदलू की दिवे बदलू? पैसे फार नाहीत. शनिवारच्या आत होण्यासारखंच सांगा.

जुनं_पुराणं
जागा केवढी आहे? कॅमेरा कुठला? "फार नाहीत" म्हणजे पाच हजार की पन्नास? फोटो टाका, त्याशिवाय कोण काय सांगणार.

तिसरी_घंटा
जागा नेहमीचीच. चार हजार उरलेत. फोटो नाही टाकता येणार, विषय आधी फुटायला नको.

पडद्याआड
तुमची चूक रंगाची नाही. तुमच्या यानात कुणी राहत नाही, ही चूक आहे. १९७९ चा 'एलियन' सिनेमा पुन्हा बघा, पण यावेळी राक्षस सोडून फक्त भिंती बघा. त्यातलं नोस्ट्रोमो हे मालवाहू यान आहे, खनिजाचा प्रचंड कारखाना ओढत घरी निघालेलं. सात कामगार, जेवणाच्या टेबलावर बोनसवरून भांडतात. यानाची आतली रचना रॉन कॉबची. तो इंजिनिअरसारखा विचार करायचा: ही नळी कुठून येते, हा दरवाजा कशासाठी. परक्या जीवाचं आणि त्याच्या यानाचं काम मात्र गीगर या स्विस चित्रकाराकडे दिलं. माणसांचं यान एका हातचं, परकं यान दुसऱ्या हातचं. म्हणून दोन्हींत फरक जाणवतो आणि तिथेच पोटात गोळा येतो. सेटमध्ये मोडीत काढलेल्या विमानांचे भाग लावले होते. मुख्य म्हणजे सेटला छत होतं आणि खोल्या एकमेकींना जोडलेल्या होत्या, नटांना खरोखर त्या बोळांतून चालत जावं लागायचं. आधी छत घाला. डोक्यावर हात टेकेल इतकं खाली.

बेदाणा
ओ ताई, सेट बांधताय कशाला? आमच्या तासगावकडं या की. बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज बघितलंय का कधी? लांबच्या लांब बोळ, दोन्ही बाजूंना पत्र्याचे जाड दरवाजे, त्यांना रबराची पट्टी. दरवाजा लागला की धप्प असा आवाज येतो आणि कान बंद झाल्यासारखं वाटतं. आत चार-पाच अंश. तोंडातून वाफ निघते, ती काय इफेक्ट लावून येणार नाही. ब्लोअर घुमत असतो आणि मधेच बंद पडतो. तो बंद पडला की अंगावर काटा येतो बघा. मी सीझनला दोन महिने तिथं रात्रपाळी केलीय. एक पैसा न घालता यान तयार. ओळखीनं एक रात्र मिळवून देतो.

हरिपूरची_वाट
कोल्ड स्टोरेजपेक्षा आमच्या हरिपूरची पेवं बघा. हळद साठवायची जमिनीखालची पेवं. तोंड एवढंसं आणि खाली पोट सुटलेलं, मडक्यासारखं. २००५ च्या महापुरात बरीच गेली, पण काही अजून आहेत. आत उभं राहून वर बघितलं की उजेडाचं एक वर्तुळ तेवढं दिसतं. परग्रहावरच्या अंड्यांची खोली म्हणून त्याहून चांगली जागा जिल्ह्यात नाही.

जुनं_पुराणं
पेवात कुणीही उतरायचं नाही. बंद पेवात हवा साचून खराब होते. जुनी माणसं आधी पेटता कंदील खाली सोडायची, तो विझला तर कुणी उतरायचं नाही. शूटिंगच्या नादात एखाद्याचा जीव जाईल.

हरिपूरची_वाट
एकटं उतरा असं मी म्हटलंच नाही. उघडून, वारं खेळवून, माहितगार माणूस बरोबर घेऊनच.

जुनं_पुराणं
शनिवारच्या आत हे सगळं होणार आहे का? नको म्हणजे नको.

कक्षा
यानात गुरुत्वाकर्षण कुठून येतं ते ठरवलंय का? बहुतेक लोक इथेच चुकतात. १९६८ च्या '२००१: अ स्पेस ओडिसी' या सिनेमासाठी सुमारे ३८ फूट व्यासाचं फिरतं चाक खरोखर बांधलं होतं. चाक फिरलं की माणूस कडेला दाबला जातो, तेच वजन. पण प्रत्यक्षात एवढ्या लहान चाकाने पृथ्वीइतकं वजन द्यायचं तर त्याला मिनिटाला बारा फेऱ्या माराव्या लागतील. माणसाला भोवळ येईल. त्यामुळे एकतर चाक खूप मोठं हवं, नाहीतर पात्रं तरंगती हवीत.

पडद्याआड
त्यांनी हे विचारलेलंच नाही.

कक्षा
विचारायला हवं होतं. बरं, एक कामाचं सांगतो. अंतराळात गरम हवा वर जात नाही, कारण तिथे वर असं काही नसतंच. हवा आपोआप हलत नाही. म्हणून अंतराळ स्थानकात पंखे अखंड चालू ठेवावे लागतात, नाहीतर झोपलेल्या माणसाच्या तोंडाभोवती त्याने सोडलेला कार्बन डायऑक्साइडच साचून राहील. तिथे शांतता कधीच नसते. पंख्याची घरघर चालू असणं म्हणजे जिवंत असणं. ती थांबली की संपलं.

बेदाणा
मी ब्लोअरचं तेच सांगत होतो की!

पडद्याआड
छताचं काय झालं? ताई उत्तर देत नाहीयेत. १९९७ च्या 'इव्हेंट होरायझन'मधलं यान तर पॅरिसच्या नोत्र दाम चर्चवर बेतलंय. लांबट, खांबाखांबांचं. देवळासारखी रचना आणि आत देव नाही, म्हणून ते अंगावर येतं. कॅमेरा जमिनीलगत ठेवा, वाइड लेन्स लावा, छत फ्रेममध्ये येऊ द्या...

तिसरी_घंटा
अहो, कॅमेरा कुठून आला? एकांकिका आहे! स्पर्धेची! सांगलीतून कुणी सेटबद्दल विचारलं तर नाटकच असणार ना? सेट लावायला दहा मिनिटं, काढायला पाच. सगळं टेम्पोतून येणार आणि चार मुलं उचलणार. तासगावचं कोल्ड स्टोरेज रंगमंचावर कसं आणू? सकाळपासून मी इथे लेन्स आणि पेवं वाचत बसलेय.

जुनं_पुराणं
हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. म्हणूनच कॅमेरा विचारला होता.

पडद्याआड
नाटक असलं तरी छत हवंच. छताशिवाय कोंडमारा होत नाही.

रंगपट_काका
पडद्याआड, रंगमंचावर घट्ट छत घातलंत तर वरच्या बॅटनचे, म्हणजे आडव्या दांडीवरचे दिवे कुठे पडणार? छतावर. नट अंधारात. मी तेहेतीस वर्षं पडद्यामागे आहे, असे सेट पहिल्या प्रवेशात मोडून टाकावे लागलेले बघितलेत.

पडद्याआड
मग छत न घालता भीती कशी आणणार ते सांगा.

रंगपट_काका
सांगतो. पोरी, आधी निळ्या पट्ट्या काढ. निळा उजेड प्रेक्षकाला सांगतो की घाबरा, आणि असं सांगितलं की कुणी घाबरत नाही. रात्रपाळीच्या कारखान्यात असतो तसा पिवळट उजेड घे, तोही बाजूने, विंगेतून. वरून जवळजवळ काही नको. मग छत घालायला तू मोकळी. छत म्हणजे शेडनेट, रोपांवर सावलीला घालतात ती जाळी. वजन नाही, गुंडाळी करून काखेत मारता येतं. दोन बांबूंना बांध आणि सात फुटांवर ओढ. उंच नटाला मान वाकवूनच चालावं लागलं पाहिजे. पहिली पाच मिनिटं तो वाकून चालला की प्रेक्षकांच्या माना आपोआप आखडतात.
नळ्यांसाठी पैसे घालू नकोस. द्राक्षबागेतल्या ठिबकच्या जुन्या काळ्या नळ्या आण, कुणीही देईल. भिंतीवर सरळ ओळीत लावू नकोस. जिथे माणसाचा हात लागतो तिथे घासलेल्या, जिथे पोचत नाही तिथे धुळकट. दरवाजाच्या मुठीजवळ तेलकट हाताचे डाग. एका कप्प्यावर कुणाच्या तरी घरचा फोटो, एका खिळ्यावर टॉवेल. चौघं तिथे सहा महिने राहिलेत, हे दिसलं पाहिजे.
आणि तो कक्षा म्हणतोय तो पंखा. तिसऱ्या घंटेआधीच घरघर सुरू कर, प्रेक्षक आत येत असतानाच. पाच मिनिटांत ती त्यांना ऐकू येईनाशी होईल. पाचवा आत शिरतो तिथे बंद कर. संगीत नको.

पडद्याआड
शेडनेटचं पटलं. त्यात एक भर घालतो. 'एलियन'मध्ये सेट मोठा वाटावा म्हणून दिग्दर्शक रिडली स्कॉटने स्वतःच्या मुलांना छोटे स्पेससूट घालून लांबच्या शॉटमध्ये उभं केलं होतं. तुम्ही मागचा दरवाजा पाऊण आकाराचा करा, भिंती मागे निमुळत्या घ्या आणि एकदाच एका लहान मुलाला त्याच कपड्यात मागून आडवं जाऊ द्या. बोळ पन्नास फुटांचा वाटेल.

बेदाणा
पंख्याचा आवाज पाहिजे असला तर कोल्ड स्टोरेजच्या ब्लोअरचा रेकॉर्ड करून देतो. बंद पडतानाचा पण. खरा आवाज आहे, मोबाइलमधला नाही.

तिसरी_घंटा
बेदाणा दादा, पाठवाच. काका, मनापासून आभार, आता पहिल्यांदा यान दिसायला लागलंय. एकच अडचण. नळ्या लावायला पॅनल कमी पडतील. दोन पॅनल मी परवा टाकून दिले. स्प्रेने थर्माकोल खाल्लं, अर्धा पॅनल वितळून भोकं भोकं झाली, कडा काळ्या पडल्या. म्हणून नंतरचे आधी कागद चिकटवून रंगवले.

रंगपट_काका
टाकून दिले म्हणजे कुठे?

तिसरी_घंटा
तालमीच्या हॉलमागे. का?

रंगपट_काका
आत्ता जा आणि घेऊन ये. पाऊस यायच्या आधी.

तिसरी_घंटा
आणले. हॉलमध्ये भिंतीला टेकवून मागे टॉर्च धरला. त्या भोकांतून उजेड असा येतोय की पलीकडून कुणीतरी भिंत चघळलीय. आमच्यातला एकजण न बोलता दोन पावलं मागे सरकला. हे दोन्ही मागच्या दरवाजाशेजारी लावतेय आणि शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत ठिबकच्या नळ्यांमागे झाकून ठेवतेय. काका, शेडनेट पन्नास टक्के सावलीची घेऊ की पंचाहत्तर?

रंगपट_काका
पंचाहत्तर. हिरवी देतील, ती घेऊ नकोस. काळीच माग.