‘पूर्वाश्रमीची’ : हे विशेषण गळून कधी पडतं?

पणजीकर : सिनेपानांवर अजूनही वाचायला मिळतं, ‘पूर्वाश्रमीची पॉर्नस्टार सनी लिओनी’. २०११ साली ‘बिग बॉस’मधून ती आपल्या दिवाणखान्यांत आली, पुढच्याच वर्षी ‘जिस्म २’. हिंदीत दहा वर्षांहून जास्त काम करूनही हे बिरुद काही सुटत नाही. इथे ‘पूर्वाश्रमीची’ बरोबर, की ‘माजी’?

फोंडेकर : मूळ संन्यासातलं. संन्यासी पूर्वाश्रमाचं नाव घेत नाही आणि आपणही विचारत नाही. दुसरा वापर निधनवार्तेत : ‘श्रीमती अमुक (पूर्वाश्रमीच्या कु. तमुक)’, म्हणजे माहेरच्या माणसांना ओळख पटावी. सनीच्या बाबतीत मात्र जुनं कुणी विसरू नये म्हणूनच तो शब्द छापतात. शब्द सोज्वळ, काम चिमटे काढायचं! ‘माजी’ पदाला लागतं आणि त्यात मान असतो. माजी आमदार तर ते गाडीवरही मिरवतो. आमच्या कोंकणीतलं ‘आदलो’ बरं. आदलो मंत्री, आदलें घर, सगळ्यांना एकच माप.

म्हापसेकर : शब्द बदलून नजर बदलते का? गोव्यातल्या सरकारी कदंब बसवर तिची कंडोमची जाहिरात होती, तेव्हा तक्रार महिला आयोगापर्यंत गेली. आक्षेप चित्राला होता की बाईला, हे मला अजून उमगलेलं नाही. ‘अशा बायका पडद्यावर आल्या की पोरं बिघडतात’ म्हणणाऱ्यांचं तर नवलच. तिला गूगलवर वर्षानुवर्षं पहिल्या नंबरावर शोधणारे कोण होते? त्यांना कुठलंच विशेषण नाही. २०१६ साली एका टीव्ही मुलाखतीत भूतकाळावरून तिला पुन्हा पुन्हा टोचलं, ती शांतपणे उत्तरं देत राहिली. लोक तिच्या बाजूने उभे राहिले, आमिर खानने तर तिच्यासोबत काम करायला आवडेल असं जाहीर सांगितलं. पाच वर्षांत एवढा फरक पडला, हेही धरा.

साखळीकर : आपल्या गोव्याला हे नवं नाही. कलावंत, म्हणजे देवळात गाण्या-नाचण्याची सेवा करणाऱ्या, घराण्यांतल्या बायकांना गाव कुठल्या शब्दाने हाक मारायचं ते इथे लिहीत नाही. केरीच्या गायिका केसरबाई केरकर ‘सूरश्री’ झाल्या, १९७७ साली त्यांचं गाणं व्हॉयेजर यानातून अंतराळात गेलं, तेव्हा कुठे तो शब्द मागे पडला.

पणजीकर : तुलना जपून करा हां. त्या बायकांना जन्माने ते वाट्याला आलं होतं, सनीने अमेरिकेत स्वतः निवडलेलं, तिथे कायदेशीर असलेलं काम.

साखळीकर : मान्य. मी फक्त शब्दाच्या चिकटपणाबद्दल बोलतोय.

फोंडेकर : मग वापरापुरतं सांगतो. बातमी तिच्या जुन्या कामाची असेल तर ‘पूर्वी पॉर्नपटांत काम केलेली’ असं सरळ लिहावं. ‘नीलतारका’ वगैरे नको, उगाच चावट वाटतं. नव्या सिनेमाची बातमी असेल तर ‘अभिनेत्री’. आणि अभिनय वाईट वाटला तर तेही लिहा की, बिनधास्त.