रानवनस्पतींच्या नकाशात कोरे चौकोन कसे दाखवायचे? मदत हवी आहे

बोडीकाठ
आमच्याकडं गावोगावच्या पोरापोरींनी पावसाळाभर रानवनस्पतींच्या नोंदी केल्या. तालुका चौकोनांत वाटून घेतला होता. आता नकाशा काढला तर सडकेकाठचे चौकोन गच्च अन् झुडपी जंगलाकडचे कोरे. पाहणाऱ्याला वाटेल, तिकडं तरोटाही उगवत नाही! सोमवारी जैवविविधता समितीपुढं ठेवायचा आहे. काय करू, लवकर सांगा जी.

वैनगंगेची लेक
तालुका कुठला? चौकोन केवढा? नोंदी फोनवर की कागदावर? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार दादा?

रानफोटो
आयनॅचरलिस्ट हे निसर्गनोंदींचं अॅप वापरा. रेंज नसली तरी नोंद फोनमध्ये राहते, घरी येऊन चढवायची. आम्ही सगळं त्यावरच करतो.

निवृत्त मास्तर
नुसत्या फोटोवर भरवसा नको. तरोटा अन् कासविंदा पोरं एकच समजतात. तरोट्याच्या पानात बोथट पर्णिकांच्या (पानातल्या छोट्या पानांच्या) तीन जोड्या, कासविंद्यात चार-पाच अन् टोकदार. हे बारीक वाटतं, पण तरोट्याची आपण भाजी करतो आणि कासविंद्याच्या बियांनी लहान लेकरं दगावली आहेत. फांदी वर्तमानपत्रात दाबा, कागद बदलत राहा. असा नमुना पिढ्यान्‌पिढ्या टिकतो.

रानफोटो
मास्तर, जोड्या फोटोतही मोजता येतात. पान, फूल, शेंग असे वेगळे फोटो काढायचे. अन् अभयारण्यात फांदी तोडायला परवानगी लागते.

निवृत्त मास्तर
परवानगी काढूनच तोडायची! गवतांचं काय करता? भिंगाशिवाय अर्धी गवतं ओळखून दाखवा.

बोडीकाठ
बाप्पा, ओळखायचं कसं ते मी विचारलंच नाही! भंडारा जिल्हा. चौकोन दोन किलोमीटरचा. नोंदी फोनवर, शिवाय प्रत्येकाची वही आहे.

वैनगंगेची लेक
वहीत तारीख, ठिकाण, किती वेळ फिरले हे आहे का? आणि पोरं दिसेल ते सगळं लिहीत होती, की वेगळं वाटलं तेवढंच?

बोडीकाठ
तारीख-वेळ आहे. काहींनी सगळं लिहिलं, काहींनी वेगळं तेवढंच. अस्वलाच्या भीतीनं काही चौकोनांत कोणी गेलंच नाही.

वैनगंगेची लेक
मग कोरा रंग एकच ठेवू नका. कोणी गेलंच नाही तिथं राखाडी रेघा मारा. जिथं पूर्ण यादी झाली आणि झाड दिसलं नाही, तेवढेच चौकोन पांढरे. वेगळं तेवढंच लिहिलं असेल तिथं ‘अपुरी यादी’ असा तिसरा रंग द्या, कारण तरोट्यासारखं रोजचं झाड त्या पोरांनी लिहिलंच नसेल. प्रत्येक चौकोनात किती तास फिरले तो आकडा टाका. २०१५ ते २०२० मध्ये केरळात स्वयंसेवकांनी पक्ष्यांचा अॅटलस केला, त्यात ठरावीक वेळेच्या याद्या घेतल्या होत्या. म्हणूनच तिथं एका चौकोनाची दुसऱ्याशी तुलना करता येते.

मोहफूल
सफेद मुसळीची नेमकी जागा नकाशावर टाकू नका, खणून नेतात. आयनॅचरलिस्टवर जागा धूसर केली की ठिपका साधारण वीस-बावीस किलोमीटरच्या पट्ट्यात कुठंही पडतो. तो तुमच्या दोन किलोमीटरच्या चौकोनात धरू नका, खरी जागा वहीतूनच घ्या.

रानफोटो
वाघोटीची नोंद झाली का? आमच्याकडं आषाढी बारसेला तिच्या फळांच्या भाजीशिवाय उपास सुटत नाही. आता धुऱ्यावर वेल ठेवतच नाही कोणी.

धानवाला
माझ्या बांधीत गाजरगवत लय झालं. ते खाणारे मेक्सिकन भुंगे कुठं भेटतात?

मोहफूल
वेगळा धागा काढा भाऊ.

बोडीकाठ
ताई, तीन रंगांचं जमेल, आज रात्री वह्या चाळतो. रविवारी वनरक्षकासोबत जवळच्या दोन रेघांच्या चौकोनांत जातो. पण आता तरोटा वाळला आहे. वाळलेला धरायचा का?

निवृत्त मास्तर
शेंगा असतील तर धरा. तरोट्याची शेंग बारीक, लांब, विळ्यासारखी वाकडी. कासविंद्याची चपटी अन् जवळपास सरळ. वाळलेल्या झाडावर पर्णिका मिळणार नाहीत. वहीत ‘वाळलेले, शेंगांवरून’ असं लिहा.

वैनगंगेची लेक
आणि किती वाजता शिरले, किती वाजता निघाले तेही. काही दिसलं नाही तरी लिहा.